गाडीत काय बी खराबी न्हाई

मी भूलतज्ज्ञ आहे. लातुरात राहते, पण माझं स्वतःचं असं हॉस्पिटल नाही. ज्या सर्जनला भूल द्यायला माणूस लागतो तो फोन करतो आणि मी जाते. सकाळी लातुरातच दोन-तीन ठिकाणी, दुपारी औशाला, कधी मुरुडला. अडलेल्या बाळंतिणीसाठी फोन आला की हातातला घास ताटात टाकून निघायचं. माझ्या आयुष्याचा बराच भाग असा स्टिअरिंगमागे गेला आहे. आधीची गाडी जुनी होती, तिचा एसी चालायचा नाही, उन्हाळ्यात ऑपरेशन थिएटरमध्ये पोचेपर्यंत पाठ ओली व्हायची. तेव्हा मनाशी ठरवलं होतं की एकदा चांगली गाडी घ्यायची, आणि चांगली म्हणजे खरोखर चांगली.

ती घेतली. परदेशी कंपनीची, विजेवर चालणारी, आवाज न करणारी. आत बटणं जवळपास नाहीतच, सगळं एका मोठ्या स्क्रीनवर. दाराला बाहेरून धरायची मूठ दिसत नाही. जवळ गेलं की ती आपोआप पुढे येते. आतून दार उघडायचं तर एक छोटं बटण दाबायचं. लातुरात तेव्हा तशी गाडी दुसरी पाहिली नव्हती. औशाच्या हॉस्पिटलसमोर ती उभी केली की रुग्णांचे नातेवाईक तिच्याभोवती गोळा व्हायचे. मला संकोच वाटायचा, आणि आवडायचंही. दोन्ही खरं आहे.

तिचा खरा आनंद झाला तो दादांना. आम्ही वडलांना दादा म्हणतो. ते एसटीत कंडक्टर होते, मुखेड डेपोला. आमच्या घराण्यात नोकरी लागलेले ते पहिले, आणि डॉक्टर झालेली मी पहिली. आई गेल्यावर मी त्यांना लातूरला या म्हणून पुष्कळदा सांगितलं. ते येतात, आठवडाभर राहतात, मग कंटाळतात. मुखेडला त्यांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर आहे, स्टँडजवळच्या हॉटेलात त्यांच्याबरोबर रिटायर झालेली मंडळी आहेत. गाडी घेऊन मी पहिल्यांदा मुखेडला गेले तेव्हा दादांनी ती गल्लीत न लावता थेट त्या हॉटेलासमोर लावायला सांगितली. खाली उतरून म्हणाले, "बिगर तेलाची हाय. आमच्या बाईची." आणि सगळ्यांना चहा पाजला.

आता त्या संदेशाबद्दल सांगितलं पाहिजे.

गाडी घेऊन वर्ष उलटलं होतं. एकदा मुरुडला दोन ऑपरेशनांच्या मध्ये फोन बघत होते तर गाडीच्या ॲपवर कंपनीचा संदेश आला होता. तुमच्या गाडीसाठी सुरक्षेबाबतची एक सुधारणा उपलब्ध आहे, सोयीनुसार अधिकृत वर्कशॉपशी संपर्क साधावा. भाषा इतकी गोड होती की कुणीतरी दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्यात असं वाटावं. खाली बारीक अक्षरात मुद्दा होता. मोठ्या बॅटरीशिवाय गाडीत एक छोटी बॅटरी असते; दारं, काचा, स्क्रीन त्या छोट्या बॅटरीवर चालतात; काही गाड्यांमध्ये ती सूचना न देता बंद पडू शकते. यालाच रिकॉल म्हणतात. म्हणजे विकलेल्या गाडीत दोष निघाला, तो कंपनीला कळला, आता ती परत बोलावून मोफत दुरुस्त करून देणार.

वर्कशॉप हैदराबादला. गाडी न्यायची, सोडायची, आणायची, म्हणजे दोन दिवस तरी मोडणार. भूलतज्ज्ञाचे दोन दिवस मोडले की चार सर्जन नाराज होतात. संदेशाखाली 'नंतर आठवण करा' असं होतं. मी ते दाबलं. पुढच्या महिन्यात पुन्हा आला, पुन्हा दाबलं. किती वेळा दाबलं ते सांगत नाही. मोजलेलं नाही आणि मोजायची इच्छाही नाही.

शिवाय त्या गाडीच्या मालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात तक्रारींचा पाऊस. कुणाची स्क्रीन काळी पडते, कुणाची गाडी चालता चालता ताकद सोडते, एकाने लिहिलं होतं की विमानतळाच्या पार्किंगमध्ये दार उघडेना, बायको आत, मी बाहेर. त्याखाली लोकांनी हसणारी तोंडं टाकली होती. मीही टाकलं होतं. या लोकांना दुसरा उद्योग नाही असं वाटून मी त्या ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला.

आणि मी अशी बाई आहे की भुलीचं मशीन स्वतः तपासल्याशिवाय रुग्णाच्या तोंडावर मास्क धरत नाही. ऑक्सिजनची नळी, राखीव सिलिंडर, सक्शन. नर्सने "मॅडम, मी बघितलंय" म्हटलं तरी पुन्हा बघते. मुरुडची एक सिस्टर मला पाठीमागे 'शंकेखोर मॅडम' म्हणते. मला ते ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही होता.

त्या उन्हाळ्यात मुखेडला माझ्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. मंगल कार्यालय बाजाराच्या रस्त्यालाच. आम्ही सकाळी लातूरहून निघालो, मी आणि नवरा. तो हाडांचा डॉक्टर आहे. दादा सकाळपासूनच कार्यालयात होते, पांढरा सदरा, पांढरं धोतर, खिशाला पेन. त्रिशरण-पंचशील झालं, वरमाला झाल्या, अक्षतांच्या जागी फुलांच्या पाकळ्या उधळल्या गेल्या. मग जेवणाची पंगत आणि जनरेटरचा आवाज. पंखे गरम हवाच फिरवत होते. दादांचं जेवण झालं तेव्हा त्यांचा चेहरा मला थकलेला दिसला.

"दादा, गाडीत बसा थोडा वेळ. एसी लावून देते. डोळा लागला तर लागू द्या," मी म्हणाले.

ते आधी नको म्हणाले. मग लगेच उठले. त्या गाडीत बसणं त्यांना आवडायचं हे मला माहीत होतं.

गाडी कार्यालयाच्या मागच्या गल्लीत, भिंतीशी, लिंबाच्या सावलीत होती. मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं, एसी लावला, उशीसारखी माझी शाल दिली. त्या गाडीत एक सोय आहे, मालक बाहेर गेला तरी एसी चालू राहतो, फोनवरून बघता येतं. दार लावताना मी म्हणाले, "दादा, कशाला हात लावू नका बरं. मी येतेच." पोराला सांगावं तसं सांगितलं. त्या स्क्रीनवर चुकून कुठे बोट लागलं की काहीतरी चालू व्हायचं, म्हणून सांगितलं होतं.

मी आत गेले. एका मावशीने हात धरून बसवलं, तिच्या गुडघ्याचे एक्स-रे दाखवायला लागली. मग फोटो. मग नव्या सुनेच्या माहेरची मंडळी. किती वेळ गेला ते आजही नक्की सांगता येत नाही. दादांचा मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. माझा पर्समध्ये होता, पर्स खुर्चीवर.

बाहेरून बायकांचा ओरडा ऐकू आला तेव्हा मला वाटलं वरातीचं काहीतरी असेल. मग एक माणूस आत धावत आला, "त्या काळ्या गाडीवाल्या डॉक्टरीनबाई कोण हाईत?"

मी मागे पोचले तेव्हा एक बांगड्या विकणारी बाई दगडाने माझ्या गाडीची मागची काच फोडत होती. तिचा बांगड्यांचा ठेला त्या गल्लीच्या तोंडाशी, उतारावर उभा असायचा. चाकाला अडण म्हणून लावलेला दगडच तिने उपसून आणला होता. ठेला मागे घसरत जाऊन भिंतीला धडकला होता आणि रस्त्यावर काचेचा हिरवा-लाल चुरा पडला होता. मला तेव्हा तो चुरा गाडीच्या काचेचा वाटला. ती मारत होती आणि ओरडत होती, "अरे दरवाजा नै खुलरा! बाबा अंदर है!" मी मुठीच्या जागी हात लावला. मूठ बाहेर आली नाही. फोन कार्यालयात, पर्समध्येच राहिलेला. चौथ्या का पाचव्या घावाला काच ढासळली आणि आतून जो उष्मा आला तो मला अजून चेहऱ्यावर जाणवतो.

दादा सीटवर एका अंगाला कलले होते. कातडी तापलेली, ओठ कोरडे, नाडी बारीक आणि पळत असलेली. शुद्ध होती. मला बघून ते म्हणाले, "आलीस का?"

त्या क्षणापासून पुढचा भाग मला येतो. तो माझा धंदाच आहे. त्यांना सावलीत आडवं केलं, सदरा काढला, ओली चादर मागवली, वारा घालायला लावला. नवऱ्याने समोरच्या दवाखान्यातून सलाईन आणलं, मी सुई टोचली. तासाभरात ते उठून बसले. काचेने त्यांच्या मनगटावर जरा कापलं होतं, त्यावर पट्टी बांधली. तोवर अर्धं लग्न तिथे जमा झालं होतं. माझ्या चुलत्याने मोठ्याने विचारलं, "आरं पण झालं काय? एवढी महागाची गाडी, अन् दार उघडंना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या घडीला ते बारीक अक्षरातलं वाक्य आठवलं, जसंच्या तसं. मी तोंड उघडणार एवढ्यात दादा म्हणाले, "गाडीत काय बी खराबी न्हाई. मीच कायतरी दाबलो. म्हाताऱ्याला कळंना ना त्यातलं."

लोक हसले. सुटल्यासारखं हसले. आणि मी गप्प राहिले. "हो ना, नवीन गाड्यांचं असंच असतं," असंही काहीतरी पुटपुटले. ते पुटपुटणं मला त्या बंद पडलेल्या दारापेक्षा जास्त छळतं.

गाडी ट्रकवर घालून हैदराबादला गेली. कंपनीच्या माणसांनी फोनवर फार अदबीने चौकशी केली. वडलांची तब्येत विचारली, फुलं पाठवू का विचारलं. काही दिवसांनी त्यांचा मेल आला. छोटी बॅटरी बंद पडली होती हे त्यांनी मान्य केलं. पण पुढे लिहिलं होतं की मागच्या दाराच्या खणात, रबरी चटईखाली, हाताने ओढायची एक तार दिलेली आहे, तिने दार उघडतं, आणि प्रवाशाला तिची माहिती नसल्यामुळे हा प्रसंग ओढवला. असं मी मान्य करून सही केली तर तक्रार मिटवता येईल आणि काच, बॅटरी, दारांचे भाग सगळं सद्भावना म्हणून मोफत बदलून मिळेल.

ती तार मला माहीत नव्हती. गाडीचं माहितीपुस्तक स्क्रीनमध्येच असतं, मी ते कधी उघडलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "सही कर आणि संपव. त्यात खोटं काय आहे? दादांना माहिती नव्हतीच."

खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते इतकं घाण वाटलं.

मी दादांना फोन केला. का केला ते नक्की सांगता येणार नाही. कदाचित त्यांनी नको म्हणावं असं वाटत असेल. ते म्हणाले, "सही कर की माय. मी सगळ्याला सांगितलोच हाय मीच दाबलो म्हणून. आता कागदावर आलं तर काय बिघडलं? गाडी नीट होऊन ये म्हणावं."

"दादा, खरं सांगा. तुम्ही काही दाबलं होतं?"

ते म्हणाले, "न्हाई. तू म्हणली व्हतीस ना, कशाला हात लावू नका. तो टीव्ही एकदम इझला. हवा बंद झाली. म्या म्हणलो बाई यील आता. मांडीवर हात ठिवून बसलो. लईच तापायला लागलं तवा बटन दाबलो, ते काय दबंना. मग काच वाजवलो."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते. दार उघडण्याचा प्रयत्न त्यांनी उशिरा केला, कारण लेकीने सांगितलं होतं हात लावू नका. तीस-पस्तीस वर्षं ज्यांनी रोज शेकडो माणसांना दार उघडून दिलं, खाली उतरवलं, ते माझ्या एका वाक्यामुळे मांडीवर हात ठेवून बसून राहिले होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी एसटीने मुखेडला गेले. आधी त्या बांगडीवाल्या बाईकडे. ठेला दुरुस्त झाला होता, एका बाजूला नवीन फळी ठोकलेली. ती मला ओळखत नव्हती, नुसती साडी बघून "ताई, या, हिरव्या दाखवू?" म्हणाली. मी कोण ते सांगितल्यावर तिने हातातला बांगड्यांचा गठ्ठा खाली ठेवला. "अब्बा कैसे हैं?" तिने आधी तेच विचारलं. मी फुटलेल्या मालाचा विषय काढला तर तिने हातानेच तो उडवून लावला. मी फार आग्रह केल्यावर म्हणाली, "घ्यायच्या तर बांगड्या घ्या." आणि माझा हात ओढून हिरव्या बांगड्या चढवायला लागली. थिएटरमध्ये बांगड्या चालत नाहीत हे मला सांगवलं नाही.

बांगड्या चढवता चढवता ती बोलत होती. "मला आधी कळलंच नाही, आवाज कुठून येतो. जोरात मारत नव्हते ना ते. बोटाने टकटक करत होते. ऐसे... हळू. जसं कुणाच्या घराचं दार वाजवतो. मी म्हटलं पण त्यांना, बाबा, लात मारो! तर मान हलवली. नको म्हणून."

"नको म्हणून?"

"हां. काच फुटेल म्हणून असेल."

मी तिथून सरळ स्टँडजवळच्या हॉटेलात गेले. दादा तिथे होते, नेहमीच्या बाकावर, त्यांचे तीन-चार सोबती भोवती. मी आत पाऊल टाकताना एकजण म्हणत होता, "कंडक्टरसाहेब, डबल बेल मारायची व्हती की!" सगळे हसले. दादाही हसले. त्या हसण्यावरून कळलं की ही चेष्टा आजची नाही, लग्नापासून रोज चालू आहे. सबंध मुखेडात ते आता गाडीत अडकलेले कंडक्टर होते.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. दादांनी काहीही दाबलेलं नव्हतं. गाडीत दोष होता. कंपनीने तो कळवलेला होता, मला, पुन्हा पुन्हा. मी नेली नाही. आतून दार उघडायची दुसरी सोय होती, ती मी त्यांना दाखवली नव्हती, कारण मलाच ठाऊक नव्हती. आणि हात लावू नका असं मीच सांगितलं होतं.

बोलताना मला हलकं वाटायला लागलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

चेष्टा करणाराच म्हातारा हळूच म्हणाला, "म्हंजे पोरीला म्हाईत व्हतं?" त्याने ते दादांना विचारलं, मला नाही.

दादा उठले. चहाचा अर्धा कप तसाच ठेवून बाहेर पडले. मी मागोमाग गेले. ते सरळ घरी आले. दाराचं कुलूप काढून आत गेल्यावर माझ्याकडे वळले. त्यांना मी एवढं चिडलेलं फार कमी वेळा पाहिलं आहे.

"कामून सांगितलीस?"

"लोक तुम्हाला हसत होते, दादा."

"हसू दे की! म्हाताऱ्याला लोक हसतच असत्यात. मी यडा ठरलो तर माझं काय जातंय? तू डॉक्टर हायस. माणसं तुझ्या हातात जीव देऊन झोपत्यात. त्या मंडळीची पोरं-सुना लातूरलाच येत्यात बाळंतपणाला. आता म्हणतील, हिला म्हाईत असून हिनं बापाला आत बसवलं." ते खाटेवर बसले. "मी झाकून ठिवलो व्हतो ते. तू उघडं करून आलीस. तुला बरं वाटावं म्हणून."

ते बरोबर बोलत होते, निदान शेवटचं वाक्य तरी. त्यांनी माझ्यासाठी जे स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं ते मी विचारल्याशिवाय काढून फेकलं होतं. पण ते तसंच राहू देणंही मला जमलं नसतं. यातलं कुठलं जास्त बरोबर होतं हे मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी मी त्यांच्याकडे भाकरी थापली, दोघांनी खाल्ली, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. बस सुटताना ते स्टँडवर आले नाहीत. एरवी ते प्रत्येक वेळी यायचे.

सही मी केली नाही. कंपनीला सविस्तर लिहिलं, सरकारच्या संकेतस्थळावरही वाहनातल्या दोषाची तक्रार नोंदवली. दोन्हीकडे सगळं लिहिलं, मला संदेश आले होते आणि मी टाळले हेसुद्धा. नवऱ्याने वाचून कपाळाला हात लावला. "अगं, हे कशाला? तूच त्यांच्या हातात कोलीत देतेयस." तसंच झालं. कंपनीचं उत्तर आलं की ग्राहकास वेळोवेळी कळवूनही ग्राहकाने दुरुस्ती करून घेतली नाही, सबब कंपनी जबाबदार नाही. बॅटरी आणि दारांचे भाग रिकॉलमध्ये असल्यामुळे बदलून मिळाले. काच मला घालून घ्यावी लागली. तक्रारीपुढे त्यांनी स्वतःच 'निकाली' असं लिहून टाकलं.

मग मी त्या ग्रुपवर लिहिलं, ज्याचा आवाज मी बंद करून ठेवला होता. माझ्या वडलांचं काय झालं ते लिहिलं, दाराच्या खणातल्या तारेचा फोटो टाकला. या वेळी कुणी हसणारं तोंड टाकलं नाही. त्या संध्याकाळी अनोळखी लोकांचे किती फोन आले! नांदेडच्या एका किराणा व्यापाऱ्याची बायको बोलता बोलता रडायला लागली. तिचा नातू दुपारी गाडीतच झोपायचा. विमानतळाच्या पार्किंगवाल्या माणसाचाही फोन आला. मी त्याची माफी मागितली. त्याला कशाबद्दल ते समजलं नाही.

काही महिन्यांनी कंपनीचा नवा संदेश सगळ्यांना आला. आता त्यात गोड भाषा नव्हती. दुरुस्ती होईपर्यंत गाडीत कुणालाही एकटं बसवू नका, असं पहिल्याच ओळीत होतं, आणि जिथे वर्कशॉप नाही तिथे मेकॅनिक घरी येऊन काम करून देईल असंही. माझ्या तक्रारीमुळे झालं की आपोआप, मला माहीत नाही. नांदेडच्या त्या बाईने मला फोन करून आभार मानले. मी ते घेतले, पण ते माझ्या अंगाला लागले नाहीत.

गाडी विकावी असं मनात आलं होतं. पण विकताना दुसऱ्याला काय सांगू, या विचाराने ती माझ्याकडेच राहिली. तीच घेऊन मी अजून औशाला, मुरुडला जाते. मागे कुणी बसलं की आधी खणातली तार ओढून दाखवते. सर्जन लोक कंटाळतात.

दादा दोन-तीन महिने लातूरला आले नाहीत. फोनवर तब्येत, पाऊस, पाणी एवढंच. त्यांच्या सोबत्याच्या सुनेचं सिझर लातुरात व्हायचं होतं तेव्हा भूल द्यायला मलाच बोलावलं. तिची सासू थिएटरच्या दाराशी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होती. की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी मशीन नेहमीसारखं तपासलं, आणि मग आणखी एकदा तपासलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. संध्याकाळी दादांचा फोन आला, त्यांना आधीच कळलं होतं. म्हणाले, "बरं झालं, माय." एवढंच, पण 'माय' म्हणाले.

त्यानंतर ते आले. पावसाळा संपत आला होता, त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. मी रिक्षा बोलावते म्हटलं तर म्हणाले, "दारात गाडी असून रिक्षा कामून?" ते पुढच्या सीटवर बसले. पट्टा मी लावला. दवाखाना काही लांब नव्हता, पण सबंध वाटभर त्यांचा डावा हात दारावर होता, बटणाशेजारी, नुसता टेकवलेला. मी एसी लावला नाही. काचा पूर्ण खाली केल्या. गांधी चौकातली धूळ आत येत होती, हॉर्न येत होते, कुणाच्या तरी भजी तळण्याचा वास येत होता. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, ऑपरेशन करताना भूल तू देणार का. मी म्हणाले, या ऑपरेशनला नुसते थेंब घालतात, भूलतज्ज्ञ लागत नाही.

"तरी तू आत थांब," ते म्हणाले.

मी थांबले.